टोपलीत काय आलं

"मागच्या महिन्यात घरातलं धान्य संपलं होतं का? एखाद्या दिवशी तरी?" हेतलने विचारलं.

"नाय गो बाय," नवसी म्हणाली. "धान हाय. भरपूर हाय."

ती हे म्हणाली तेव्हा मी तिच्याच ओट्यावर बसून तिने दिलेली करवंदं टोपलीत ओतत होते. पळसाच्या पानांचे दोन द्रोण. त्या बदल्यात मी तिला सुक्या बोंबलांची एक जुडी आणि ओंजळभर सुकट दिली होती. हेतलने हातातल्या पाटीवर बोट टेकवलं, 'नाही' या शब्दापुढे बरोबरची खूण उमटली, आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं?

मी गोजरा. एडवणची, दर्यात मासळी धरणाऱ्या मांगेल्यांची. सासू असताना तिच्या मागून ही टोपली घेऊन डोंगरात चढायला लागले, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा चालत यायचो, आता सफाळ्यापर्यंत रिक्षा आणि पुढे जीप, शेवटची चढण तेवढी पायाने. बाजारात मी रोख घेते, उधारीचं नावही काढत नाही, पण या पाड्यावर अजून जुनीच रीत आहे. मी सुकी मासळी देते, ते घरात जे असेल ते देतात. भाव कधी बोललो नाही. नवसी आणि मी एकाच वयाच्या, एकाच साली सासू झालो, आणि दोघींचंही आपापल्या सुनेपुढे काही चालत नाही. मैत्रीला आणखी काय लागतं!

हेतल बोईसरहून आलेली. तिथल्या एका कंपनीने गरिबांसाठी म्हणून संस्था काढली आहे, तिच्यात ही पोरगी नोकरीला. डोंगरातल्या लोकांची परिस्थिती कशी, किनाऱ्यावरच्यांची कशी, याची तुलना करायची होती. पाड्यावरची चाळीस घरं, एडवणची चाळीस घरं. ज्यांची परिस्थिती जास्त वाईट, तिथे आठवड्यातून दोनदा दवाखान्याची गाडी येणार. डॉक्टर, नर्स, औषधं फुकट, आणि गरोदर बायकांना खाण्याचा डबा. गाडी मात्र एकच. दोन्हीकडे ओळख असलेलं माणूस हवं, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं.

"मावशी, तुम्ही बरोबर असलात की लोक मोकळेपणाने बोलतात," हेतल म्हणायची. मला हसू यायचं, पण पोरगी गोड होती, उन्हातान्हात हिंडत होती.

तेवढ्यात नवसीची सून मंगळी पाणी घेऊन आली. सातवा महिना. नवरा जिव्या वीटभट्टीवर, तिकडे भिवंडीच्या बाजूला. मंगळीने तांब्या पुढे केला तशी तिच्या हातातली बांगडी मनगटावरून घसरली ती पार कोपरापर्यंत गेली. नखं पांढरीफटक.

"खातंस ना गो नीट?" मी विचारलं.

"खातंय ना, मावशी," ती म्हणाली आणि सासूकडे बघून आत गेली.

नवसीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती हेतलला कोंबड्या किती ते सांगत होती.

मग आमच्या गावची पाळी. एडवणला हेतल पहिल्यांदा माझ्या जावेकडे, जमनाकडे बसली. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, मधून जायला वाट नव्हती. दोन बोंबील बाजूला सारून हेतल आत आली आणि तिने विचारलं, "यंदा मासळी कशी मिळाली?"

"कसली मासली नि कसलं काय!" जमनाने कपाळावर हात मारला. "काय नाय गावत. उपाशी मरायची पाली आली हाय."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. माझ्या घरी माझा नंबर आला तर मीसुद्धा बेधडक सांगितलं, "दर्यात आता उरलंय काय? काय नाय." सांगताना जीभ अडखळली नाही की काही नाही. आमच्यात होडी दर्यात असताना भरपूर हा शब्द घरात कुणी काढत नाही. दर्या ऐकतो, आणि नजर लागायला वेळ लागत नाही. माझा पोरगा दर्पण त्या दिवशी दर्यातच होता. मग मी काय म्हणणार होते?

तसं अगदीच खोटंही नव्हतं म्हणा. मासळी खरंच घटली आहे, डिझेल परवडत नाही, आणि जमनाच्या पायाला साखरेची जखम आहे, ती पट्टी बदलायला तिला पालघरला जावं लागतं. पण आमची घरं पक्की आहेत. पोरं शिकली, कुणी बोईसरला कारखान्यात लागली. चूल पेटली नाही असा दिवस मी तरी एडवणला पाहिलेला नाही.

पंधरा दिवसांनी संस्थेने मला बोईसरला बोलावलं. गार खोली, काचेचं टेबल. दारावरचा पोरगा म्हणाला, "चाची, इधर बैठो, साब आ रहे हैं." साहेब म्हणजे अनुज सर. तरुण माणूस, बोलायला चांगला. हेतलला शेजारी बसवून त्यांनी भिंतीवर चित्र लावलं. हिरव्या रंगाचा एक खांब आणि लाल रंगाचा एक.

"मावशी, निकाल अगदी स्पष्ट आहे," ते म्हणाले. "पाड्यावर चाळीसपैकी अडतीस घरांत धान्याची कमतरता नाही. किनाऱ्यावर मात्र छत्तीस घरांनी परिस्थिती बिकट सांगितली. गाडी एडवणला द्यायची असं ठरतंय."

मी हसले. खरंच सांगते, खो खो हसले. डोंगर खाऊनपिऊन सुखी आणि मांगेले उपाशी! मग एकदम जमनाचा पाय आठवला आणि हसू थांबलं. गाडी आमच्या देवळापाशी उभी राहील. जमनाला रिक्षात आदळत पालघर गाठायला नको. मला काय करायचं होतं? काहीच नाही. गप्प बसायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पाड्यावर मी गप्प बसले होते, तसंच.

चहा प्यायलाही मी. पण कप खाली ठेवताना माझी बांगडी माझ्या मनगटावर घट्ट बसलेली दिसली, आणि माझं मलाच काही सहन होईना.

"हे खोटं हाय, सायेब," मी म्हणाले.

"मावशी, लोकांनी स्वतः सांगितलंय."

"म्हनून तर खोटं हाय! त्यांच्यात धान म्हंजे कणसरी, देवी हाय ती. पाव्हना दारात असताना घरात धान नाय म्हनलं का ती ऐकते, रुसून जाते. जीव गेला तरी ते 'नाय' म्हननार नाय. आन आमी मांगेले? होडी दर्यात असली का आमी 'हाय' म्हननार नाय. तुमी दोघांनाबी नको तेच इचारलंत."

हेतल माझ्याकडे बघतच राहिली. अनुज सरांनी चष्मा काढला. "मग खरं कसं कळणार, मावशी?"

"माज्या टोपलीला इचारा."

आणि मी सांगायला लागले. भात झोडला की पाड्यावरून माझ्या टोपलीत तांदूळ येतात. तांदूळ उतरणीला लागले की नागली. नागली संपत आली की वाल, मग मोहाची फुलं. आणि घरात काही म्हणजे काही उरलं नाही की जंगलातलं येतं, करवंदं नाहीतर झाडू. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. टोपलीत काय आलं ते बघून मी ओळखते आणि त्या घरी सुकट ओंजळभर जास्त टाकते. यंदा नवसीच्या घरून माघातच नागली थांबली. ठकीच्या घरून यंदा तांदूळ आलेच नाहीत. अशी चाळीसच्या चाळीस घरं मी डोळ्यांपुढे आणून सांगितली, महिन्यासकट. हेतल लिहीत होती, तिच्या पाटीत ते बसेना म्हणून शेवटी कागद घेतला. हेतल फिरली त्या आठवड्यात एकोणतीस घरांतून करवंदं आली होती.

"आणि एडवण?" अनुज सरांनी विचारलं.

"एडवणला काय इचारू नका. अंगनात बोंबलाचे मांडव किती ते बघून या."

हेतल पुन्हा पाड्यावर गेली, एकटीच. धान्याबद्दल एक अक्षर न काढता तिने घरोघर एवढंच विचारलं की गोजराबाईला बदल्यात काय दिलं. लोकांनी खरं खरं सांगितलं, द्यायला त्यांना कसली लाज? आठ दिवसांत गाडी पाड्यावर गेली.

गावात ही बातमी माझ्या आधी पोचली. जमना दारात आली, पाय ओढत.

"दारातली गाडी तू डोंगरात घालवलीस. माजा पाय सडला तरी तुला चालंल."

"चालंल कसं? मी येन तुज्यासंगट पालघरला. दर खेपेला येन."

"नको तुजे उपकार," ती म्हणाली. पण तिला बरोबर मीच नेते. रिक्षात ती तोंड फिरवून बसते. पट्टी बांधताना माझा हात मात्र धरते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पुढच्या खेपेला पाड्यावर गेले तर नवसीने मला ओट्यावर बस असं म्हटलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

"गाडी आली तवा त्या पोरीने कागद वाचून दाखवला," ती म्हणाली. "सगल्या पाड्याची कणगी तू उघडी करून दाखवलीस. आमी काय भिकारी हाव?"

"अगो नवसे, मंगळीकडं बग तरी..."

"मासली दे," ती म्हणाली. मी दिली. ती आत गेली आणि पायलीभर भात घेऊन आली, टोपलीत ओतला. टपोरा, जड, एकसारखा दाणा. त्यात करंजाची पानं होती आणि पेंढ्याच्या काड्या. मी मांगेलीण असले म्हणून काय झालं, करंजाचा पाला घालून पेंढ्यात बांधून काय ठेवतात ते मला कळतं. ते बियाणं होतं. महिन्याने पाऊस, आणि ही बाई मला पेरायचा भात घालत होती. कशासाठी, तर कागदावरचं खोटं पाडायला.

घेणार नाही म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं असतं तर तुझ्या घरात नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. मी टोपली डोक्यावर घेतली. उतरताना मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला.

तो भात मी शिजवला नाही, उन्हातही घातला नाही. पाल्यासकट फडक्यात बांधून वर टांगून ठेवला. मेच्या शेवटी होड्या बंद व्हायला चार दिवस उरलेले, दर्पण वर्षाच्या शेवटच्या फेरीला गेला होता, तेव्हा ते गाठोडं घेऊन मी डोंगर चढले.

ओट्यावर मंगळी बसली होती. पुढ्यात गाडीतला डबा. बांगडी कोपरापर्यंत जात नव्हती, मध्येच अडत होती. गाडीतल्या डॉक्टरीण बाईने तिला गोळ्या दिल्या होत्या, बाळंतपणाला दवाखान्यातच यायचं म्हणून बजावलं होतं. हे तीच मला सांगत होती, हळू आवाजात. नवसी बाहेर आली तशी गप्प झाली.

मी गाठोडं खाली ठेवलं. "भात नको मला. करवंदं दे."

"दिलं ते दिलं," नवसी म्हणाली.

"मग बदलून दे. मला करवंदं आवडतात."

तिने गाठोड्याची गाठ पाहिली. तिनेच घातलेला पाला फडक्यातून दिसत होता. मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "आन तुज्या घरात? मासली हाय का?"

अठ्ठावीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. आमची रीत तिला ठाऊक होती, मला तिची ठाऊक होती तशीच. काय नाय, हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. दर्यात माझा पोरगा होता.

"हाय," मी म्हणाले. "भरपूर हाय, नवसे. यंदा बोंबील बरा गावला. वरचा माला भरलाय."

बोलले आणि ओट्याचा खांब धरला.

"दर्पण कुटं हाय?" तिने विचारलं.

"दर्यात."

नवसी झटकन पुढे आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला राखेचा वास येत होता. दुसऱ्या हाताने तिने मला ओट्यावर बसवलं. मग गाठोडं उचलून आत नेलं, आणि परत आली ती एक द्रोण करवंदं घेऊन. मोसम संपत आलेला, सुरकुतलेली होती, पण काळीभोर. तिने ती स्वतः माझ्या टोपलीत ओतली.

"पानी पी," ती म्हणाली. "आन भिऊ नको. कोनी इचारलं तर मी सांगन, गोजराच्या घरात काय नाय."