बायकांच्या ओळीत

जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी यंदा चिखलात उतरायचं नाही म्हणून सांगितलं. घरी आम्ही दोघंच. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावणीला आले होते. आणखी आठवडा गेला असता तर ते जुने झाले असते आणि लावूनही त्यांना फुटवे आले नसते.

अड्याळकडच्या आमच्या गावात रोवणा, धानाची लावणी, बायकाच करतात. आज तुझ्या बांधीत, तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, घरटी एक बाई. ज्या घरची बाई येत नाही, त्या घरच्या बांधीत टोळी उतरत नाही. मजुरीच्या टोळ्या तर केव्हाच ठरून गेल्या होत्या.

एका सकाळी आमचे हे धोतर खोचून म्हणाले, "शकुन, तुझ्या बारीले मी जातो."

"कुठी?"

"रोवायले."

"तुमाले येते का?"

"सारा जन्म पाहून राहिलो. त्यात काय येवाचं आहे?"

पाहिलं होतं, ते खरं. पण धुऱ्यावरून, बांधावर उभं राहून. माणसांनी पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकायच्या, बायकांनी वाकायचं. मला घरी बसवेना. काठी टेकत मीही मागोमाग गेले.

त्या दिवशी रोवणा रिताच्या बांधीत होता. रिता म्हणजे दोन वर्षांपूर्वी गावात आलेली सून; यांच्यापुढे ती सासऱ्यासारखा पदर घेते. यांना चिखलात उतरताना पाहून सगळ्या थांबल्या. टोळीची मुख्य रत्नमाला म्हणाली, "भाऊजी, पेंढ्या तिकडे आहेत."

"पेंढ्या नाही. शकुनच्या बारीले आलो."

रितानं पदर पुढे ओढला. "मामाजीच्या बाजूले मी कशी वाकू वं?"

"पदर खोच आन् वाक," रत्नमाला म्हणाली. "चिखलात मामाजी नाही का सासरा नाही. भाऊजी, तुमी मधात या, नजरेसमोर."

ओळ मागे मागे सरकू लागली. बायकांचे हात टपटप चालत होते. यांची रोपं मात्र लावली की पाण्यावर तरंगायची. ते ती पुन्हा खोचायचे, आणखी जोरानं. बघता बघता दोन्हीकडच्या बायका भराभर मागे सरकत यांच्या पल्याड गेल्या आणि यांच्या पाठीमागे त्यांच्या ओळी जुळल्या. चारी बाजूंनी हिरवं, मध्ये दोन चटयांएवढा चिखल आणि त्यात हे उभे.

मागे पडणारीला आमच्याकडे असंच कोंडतात. तिनं हाक मारली की शेजारीण आत जाऊन हात लावते. हाक मारल्याशिवाय कोणी जात नाही.

"कोंडवाड्यात हेला सापडला वं!" कोणीतरी ओरडलं.

"दंड भरा भाऊजी, मंग सोडवू!"

हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले, पुन्हा वाकले.

जेवणाची वेळ झाली. बायका धुऱ्यावर डबे उघडून बसल्या. हे तिथेच. लावलेलं तुडवत बाहेर येता आलं असतं. पण मग टोळी आमच्या बांधीत आली नसती, हे त्यांनाही माहीत होतं. ज्या माणसानं बैलाची लाथ बसून बरगडी मोडली तेव्हा घरातही सांगितलं नव्हतं, तो हाक कशाला मारतो? मला राहवेना. मीच हाक मारायला तोंड उघडलं, तर रत्नमालानं माझा हात दाबला.

"तू नोको. ज्याची त्यानं मारावी."

डबे निम्मे संपले. मग ते हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"रत्नमाला, मले येत नाही. दाखव."

रत्नमालानं डबा झाकला आणि रोपांमधून पाय ठेवत आत गेली.

"मुठीनं नोको. बोटानं टेकवा. तुमी त खुटा गाडून राहिले."

"असं?"

"असं नाही. असं."

"आता?"

"आता बरं. पाठ नोको उचलू घडी घडी, तेच दुखते."

थोड्या वेळानं रिताही उठली. पदर खोचूनच आत शिरली आणि यांच्या दुसऱ्या बाजूला वाकली. तिघांनी मिळून ती जागा भरली.

संध्याकाळी हात धुताना रत्नमाला म्हणाली, "बारी भरली. उद्या शकुनच्या बांधीत."

"माझं वाकडंतिकडं झालं ना," हे म्हणाले.

"झालंच. परवा कैलाशच्या घरची बारी, तिथं नीट लावा."

"येतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या बांधीत आली. हे न सांगता ओळीत शिरले. मग पेंढ्या फेकायला कोणीच उरलं नाही. मी धुऱ्यावर पाय लांब करून बसले आणि फेकू लागले. हे काम मी कधी केलं नव्हतं. पहिली पेंढी रिताच्या पाठीवर पडली, दुसरी माझ्याच पुढ्यात.

"मामी," रिता पाठ चोळत ओरडली, "कोंबड्याले दाणे टाकून राहिली का?"

"मले येत नाही वं," मी म्हटलं. "तिकडून कोणीतरी सांगा, कशी फेकू ते."

यांनी वाकल्या वाकल्या मान वळवली. "खालून झोका दे, शकुन. खालून."