नात्सुमीच्या गाण्याला टाळ

शशीकाकूंनी पबच्या वरच्या खोलीतलं टेबल कडेला ढकललं आणि माइकसमोर नऊ खुर्च्या ओढल्या.

"बसा गं. कुणी विचारलं तर ऑरेंज ज्यूस सांगायचं. दुसऱ्या कशाचं नाव काढायचं नाही."

लंडनमधल्या हाउन्सलोचं महिला भजनी मंडळ पदर सावरत बसलं. नीनाच्या पिशवीत काहीतरी किणकिणलं.

"टाळ कशाला आणलेस?"

"सरळ भजनावरूनच आलो ना, काकू! बसमध्ये सोडून येऊ?"

समोर नात्सुमी वायरी जोडत होती. ही काकूंची भाडेकरू. ओसाकात म्हणे तिची गाणी रेडिओवर वाजायची. इथे दोन वर्षं झाली, पण ऐकायला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. मागच्या खेपेला पाच जण आले, त्यातले दोघे टॉयलेट शोधत. आजही खोली रिकामी राहिली तर पुढच्या महिन्यापासून इथे गाण्याऐवजी क्विझ, असं मॅनेजरने सांगून टाकलं होतं. सकाळी चहा पिता पिता पोरगी म्हणाली, "काकू, टुडे नो पीपल, देन आय गो होम, ओसाका." काकूंची तव्यावरची पोळी उलटायची राहून गेली. त्या घरात तीस वर्षांत करपलेली ती पहिलीच पोळी.

म्हणून तर काकू आयुष्यात पहिल्यांदा पबची पायरी चढल्या होत्या, आणि मंडळालाही चढवलं होतं.

नात्सुमीने डोळे मिटून जपानीतली पहिली ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली.

झालं! वीस वर्षांची सवय. पुढच्याने ओळ म्हटली की बाकीच्यांनी ती उचलायची. आठही बायकांनी ती खणखणीत उचलली, नीनाने टाळ धरला, आणि सगळ्यांत वरचा आवाज खुद्द काकूंचा.

नात्सुमीने खाडकन डोळे उघडले. काकूंनी जीभ चावली.

पोरीला हसू फुटलं. हसत हसतच तिने दुसरी ओळ घाईने म्हटली, पण बायका कसल्या मागे राहतात! खालून लोक ग्लास हातात घेऊन जिन्यात आले, मग खोलीत आले, मग बसायला जागा उरली नाही. पाचव्या गाण्याला दारातला एक टक्कल पडलेला गोरासुद्धा ओळ उचलायला लागला, तीही बेसूर.

शेवटी मॅनेजर लालबुंद होऊन काकूंपाशी आला.

"ब्रिलियंट! पुढच्या महिन्यात खालची मोठी खोली. पण तुम्ही सगळ्या लेडीज हव्यात हं, अशाच साड्यांत."

काकूंची मान ताठ झाली. क्षणभर त्यांना दारावरच्या पोस्टरवर मंडळाचं नाव दिसलंसुद्धा. मग त्यांनी नात्सुमीकडे पाहिलं. ती वायर गुंडाळत होती आणि हसत होती. महिनोन्‌महिने रिकाम्या खुर्च्यांसमोर गाऊन घरी आली की हसायची, तसंच, ओठांपुरतं.

"नो लेडीज," काकू म्हणाल्या. "ओन्ली शी. नीना, सांग गं या बाबाला नीट इंग्लिशमध्ये. तिने गायलं म्हणून आम्ही उचललं. आम्ही येऊ, खुर्चीत बसू, ज्यूस पिऊ. तोंड उघडणार नाही."

नीनाने सांगितलं. मॅनेजरने डोकं खाजवलं, खोलीत अजून वाजणाऱ्या टाळ्या ऐकल्या, आणि डायरीत एकच नाव लिहिलं.

"काकू, चालून आलेली संधी घालवलीत," बसमध्ये नीना कुरकुरली.

"गप बस. तुझा टाळ दर खेपेला अर्धी मात्रा पुढे पळत होता."

सकाळी काकू कणीक मळत होत्या. वरच्या खोलीत नात्सुमीचा रियाज सुरू झाला. एक ओळ खाली आली आणि मग सगळं शांत.

तीच ओळ पुन्हा आली, जरा मोठ्याने. पुन्हा शांत.

"विसरली की काय मेली?" काकू पुटपुटल्या.

तिसऱ्यांदा तीच ओळ आली. वर नात्सुमीने दार उघडून ठेवल्याचा आवाज झाला. काकूंचे हात थांबले. त्या तशाच कणकेच्या हातांनी जिन्यापाशी गेल्या, घरात दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं, घसा साफ केला आणि ओळ उचलली.