शेवटची कात

कर्वेनगरच्या कालव्यालगत मेंदीच्या कुंपणात त्या सकाळी एकोणीस जाळी होती. अकरांत मादी, पाच रिकामी, तीन फाटलेली. नर एकातही नव्हता. चैतालीने मक्याचं पीठ भुरभुरलं की पालथ्या वाटीसारखी ती जाळी पांढरी होऊन दिसू लागत, आणि फिरायला निघालेले आजोबा विचारत, "डासांचं औषध का हो?"

दोन वर्षं ती या कोळ्याच्या मागे होती. जेमतेम दोन मिलिमीटरचा जीव, पण माहीत असलेल्या कुठल्याच जातीत न बसणारा. नवी जात म्हणून मांडायची तर पूर्ण वाढ झालेला नर हवा, असं तिचे मार्गदर्शक आगाशे सर यांनी बजावलं होतं. नराच्या तोंडाशी दोन छोटे हात असतात. त्यांच्या टोकांच्या रचनेवरूनच जात ठरते. नर मिळाला की शोधनिबंध, आणि त्यावर पहिलं नाव चैतालीचं.

नर मिळाला श्रद्धाला.

श्रद्धा तिची एमएस्सीची मैत्रीण. परीक्षा होताच कॉम्प्युटरचा कोर्स करून खराडीच्या एका कंपनीत लागलेली. एका रविवारी गंमत म्हणून ती कालव्यावर आली होती, तेवढंच. आता कंपनीच्या पार्किंगमधल्या कुंपणात तिला तसंच जाळं दिसलं, आणि त्यात नर. फिल्मरोलच्या डबीत घालून तो जिवंत घेऊनच ती प्रयोगशाळेत आली.

"सरांना फोन केला मी. म्हणाले, ज्याला नर मिळाला त्याचं नाव आधी. म्हटलं, अहो सर, चैतालीला राग येईल. तर म्हणतात, राग मोजायची पट्टी नाही आपल्याकडे!"

चैताली हसली. मनात मात्र आलं, उन्हातान्हात पीठ उधळायचं आपण, आणि ही नवीकोरी स्कूटी लावता लावता नर घेऊन येणार.

"तुला पार्किंगमध्ये जागा मिळाली हेच नवल," ती म्हणाली.

"मिळेना म्हणून तर कुंपणाकडे गेले! नशीब, कालच धरला. आज तिथे औषध फवारलंय, एक जाळं उरलं नाही. बरं, बघ पटकन. मला दुपारची शिफ्ट आहे. याला स्पिरिटमध्ये टाकू ना?"

चैतालीने नर काचेच्या बशीत घेतला आणि ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. हातांची टोकं फुगलेली होती, पण कळीसारखी मिटलेली. शेवटची कात टाकायची राहिली होती. ओल्या कापसावर जपून ठेवला तर आठवड्याभरात तो ती टाकेल आणि सगळी रचना उघडी होईल. आत्ता मेला तर काहीच ठरणार नाही. हिचं नाही, आपलंही नाही.

"काय गं? नरच आहे ना?"

"नरच आहे."

"मग टाकू?"

थांब, एवढंच म्हणायचं होतं. चैतालीला निबंधाचं पहिलं पान दिसलं. वर श्रद्धा, खाली ती.

"टाक," ती म्हणाली.

श्रद्धाने बशी स्पिरिटच्या बाटलीवर कलती केली. पाय दोनदा हलले आणि आक्रसले. "चला, झालं!" म्हणत तिने पर्स उचलली.

संध्याकाळी आगाशे सरांनी मोजमाप विचारलं. चैतालीने पुन्हा एकदा मोजून सांगितलं.

"शरीराची लांबी एक पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर. हातांची टोकं बंद. नर अपरिपक्व. जात ठरवता येत नाही."