गाडीखालचं पोलाद

कॅप्टन हे काही त्याचं नाव नव्हतं, आणि जहाजावर किंवा फौजेत तो कधी गेलाही नव्हता. विमा कंपनीत टेबलापाशी बसून तो दिवसभर लोकांचे दावे तपासायचा. पण सुट्टीच्या दिवशी आडवाटेने गाड्या घालणारी जी मंडळी होती, त्यांच्यात त्याची गाडी सगळ्यांत पुढे असायची आणि सगळ्यांत मोठा आवाजही त्याचाच. मग लोक त्याला दुसरं काय म्हणणार?

या मंडळींची एक रीत होती. निघण्याआधी जमिनीवर सतरंजी अंथरायची, हातात पाना घेऊन दुसऱ्याच्या गाडीखाली सरकायचं आणि सगळं ठोकून पाहायचं. कुठे काही लोंबतंय का, तेल गळतंय का, एखादा बोल्ट सैल झालाय का. कॅप्टन सगळ्यांच्या गाड्या तपासायचा. त्याची मात्र कुणी तपासत नसे. कॅप्टनच्या गाडीत कोण खोट काढणार? शिवाय त्याने इंजिनाखाली पोलादाची प्लेट बसवून घेतली आहे, तीही चांगली चार एमएमची, हे ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. "दगड लागला तर दगडच माफी मागेल," असं तो म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

ती प्लेट प्लॅस्टिकची होती.

पोलादाची बसवायला तो गेला होता, अगदी मनापासून. पण ऐन वेळी शोरूमच्या माणसाने सांगितलं की गाडीला भोकं पाडलीत तर वॉरंटी गेलीच म्हणून समजा. वॉरंटी म्हटल्यावर विम्यातला माणूस जागच्या जागी थंड पडला. अडचण एवढीच होती की आदल्या दिवशीच त्याने प्लेटचा डंका पिटून ठेवला होता. तेव्हा गाडीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणालाच त्याने चंदेरी रंग फासला, वर जाडजूड बोल्टांची डोकी चिकटवली आणि विषय मिटवला. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. पुढे खरी प्लेट बसवूच, असं तो मनाशी म्हणायचा. हळूहळू तेही म्हणेनासा झाला.

त्या दिवशी तळ्याकाठी तीनच गाड्या होत्या. कॅप्टन आणि त्याची बायको. चष्मेवाला आणि त्याची म्हातारी आई, जिला सगळेच आई म्हणायचे. आणि शिकवणीवाल्या बाई, ज्यांच्या जुन्या छोट्या गाडीला कॅप्टनने 'डबा' असं नाव ठेवलं होतं. येताना सगळे डोंगराला वळसा घालून चांगल्या रस्त्याने आले होते. दुसरी वाट कोरड्या ओढ्याची होती. ती सरळ हॉस्पिटलपाशी, डांबरी रस्त्यावर निघायची, पण तिच्यात नुसते धोंडे होते.

जेवणं झाल्यावर चष्मेवाल्याला ओढ्यात गाडी घालायची हुक्की आली. "घाला हो, काय होतंय!" कॅप्टन म्हणाला. थोडं आत जाताच खालून कडकन आवाज झाला. इंजिनाखालची तेलाची टाकी फुटली होती. दगडांवर काळं तेल पसरलं. सगळ्यांनी गाडी ढकलत मागे आणली आणि चष्मेवाल्याची यथेच्छ टिंगल केली. "प्लेट बसवा, प्लेट," कॅप्टन म्हणाला. हे त्याला नंतर फार आठवलं.

आईंना दम लागला तो या हसण्यातच. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला आणि ओठ निळसर दिसायला लागले. दम्याचा पंप पर्समध्ये होता, पण दाबला तर त्यातून नुसती हवा आली. फोनला रेंज नव्हती.

"वळशाने जायला वेळ नाही," बाई म्हणाल्या. "ओढ्यातूनच न्यायला हवं."

सगळ्यांनी कॅप्टनकडे पाहिलं.

"चला, कॅप्टन," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्या गाडीला खाली पोलाद आहे. तुम्हीच नेऊ शकता."

कॅप्टनला डोळ्यांसमोर सगळं दिसलं. ओढ्याच्या मधोमध तो आवाज, दगडांवरचं तेल, बंद पडलेली गाडी आणि मागच्या सीटवर आई. तशी गाडी घालणं बरोबर नव्हतंच. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की खाली प्लॅस्टिक आहे. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण बाई पाहत होत्या, चष्मेवाला पाहत होता, बायको पाहत होती.

"क्लच घसरतोय," तो म्हणाला. "सकाळपासूनच. चढावर दगा देईल."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. सकाळी घरापासून तळ्यापर्यंत गाडी तिनेच चालवली होती. तिने चपला काढून बूट चढवले आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही डबा काढा. मी पुढे चालते, दगड बाजूला करते."

आईंना मागे बसवलं, चष्मेवाला त्यांना धरून बसला. बायको पुढे, गाडी मागे. ती वाकायची, धोंडा उचलायची, फेकायची, हात करायची; मग डबा थोडा पुढे सरकायचा. वळणाआड जाईपर्यंत कॅप्टन पाहत उभा होता. मग फुटक्या गाडीजवळ एक धड गाडी घेऊन तो एकटाच राहिला. त्याला आपली लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की हे कळणार. थोड्या वेळाने तो वळशाच्या रस्त्याने निघाला. क्लच लोण्यासारखा चालत होता.

आई वाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हॉस्पिटलमधून सोडलं. न्यायला सगळेच आले. बायकोच्या बोटांना पट्ट्या होत्या, दोन नखं काळीनिळी झाली होती. घरी ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, आणि त्या विषयावर अवाक्षर नाही. तिने भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलच्या आवारात चष्मेवाल्याने त्याचा हात हातात घेतला. "तुम्हीही काय करणार? नेमका कालच क्लच घसरला. नाहीतर तुम्ही दहा मिनिटांत पोचवलं असतं."

"क्लच नीट झाला असेल तर मला कॅप्टनच्याच गाडीतून न्या," आई म्हणाल्या. "तिला खाली लोखंड आहे. मला आता धीर राहिला नाही रे, बाबा."

चष्मेवाल्याने कॅप्टनच्या गाडीचं दार उघडलं. कॅप्टनने डिकी उघडली, सतरंजी काढली, जमिनीवर अंथरली आणि पाना घेऊन आपल्याच गाडीखाली सरकला. त्याने पाना उचलून प्लेटवर मारला. पोलाद खणखणतं. हा आवाज फुटक्या मडक्यासारखा बद्द आला. त्याने पुन्हा मारला. चिकटवलेला एक बोल्ट सुटून त्याच्या छातीवर पडला.

"प्लॅस्टिक आहे," तो खालूनच म्हणाला. "पहिल्यापासून."

तिथून त्याला फक्त पाय दिसत होते. चष्मेवाल्याचे पॉलिश केलेले बूट, बाईंच्या सपाता, आईंच्या मऊ चपला, बायकोचे ओढ्यात घासलेले बूट. एकही पाय हलला नाही.

"आणि क्लचचंही सांगून टाक," बायको म्हणाली.

त्याने डोळे मिटले. "क्लचला काही झालेलं नव्हतं."

चष्मेवाल्याचे बूट वळले आणि भराभर दूर गेले. बाईंच्या सपाता त्यांच्यामागोमाग डब्याकडे गेल्या. आईंच्या चपला मात्र तिथेच होत्या. त्या जरा पुढे आल्या, गाडीला टेकून वाकल्याचा आवाज आला, आणि मग दम खात खात त्यांचा आवाज अगदी जवळून आला.

"अरे, मग तसं सांगायचंस ना तेव्हाच. तुझी बायको एकटीच दगड उचलत होती. तू आणि ती, दोघांनी उचलले असते."

बायकोने त्यांच्या हाताला धरलं आणि दोघी सावकाश डब्याकडे चालत गेल्या. कॅप्टन सतरंजीवर तसाच पडून राहिला, हातात पाना घेऊन. डबा सुरू झाल्याचं त्याने ऐकलं, तरी त्याला बाहेर यायचं धैर्य झालं नाही.