ब्रह्मदेशातली बाई

कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणारा नाथाजी कधी फौजेत गेला नव्हता. तरी १९७४च्या उन्हाळ्यात त्याला आठवायला लागलं, की आपण ब्रह्मदेशात माणसं जाळली.

आधी डोक्याला लोखंडाचा तुकडा लागला होता. ठणका थांबेना, म्हणून तो साताऱ्याच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं भूल देऊन डोक्याला विजेचं यंत्र लावलं. ठणका गेला आणि हे आलं.

बांबूचं घर. दार बाहेरून बांधलेलं, आत माणसं. रॉकेल ओतणारे हात त्याचेच. धुरातून एका बाईनं खिडकीतून उडी टाकली, काखेत पोर. त्यानं संगीन खुपसली. ती बरगडीत अडकली, तेव्हा तिच्या छातीवर बूट रोवून उपसली. मग पोराकडे वळला.

एका संध्याकाळी त्याची बायको राहीबाई स्टोव्हमध्ये रॉकेल भरत होती. वास आला आणि नाथाजीनं तिला केसाला धरून भिंतीवर आपटलं, हात पिरगळला. मनगट काडकन मोडलं.

"आवं, सोडा! मी हाय, राही!"

तो भानावर आला आणि जमिनीवर कोसळून सगळं बोलला. मोडका हात पोटाशी धरून राहीबाईनं ऐकलं. मग म्हणाली, "आवं, त्या लढाईत तुमी पाळण्यात हुता. ह्ये कुणाच्या डोस्क्यातलं हाय?"

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं साताऱ्यात डॉक्टरची मान भिंतीला दाबली.

"आठवण काढता येते," डॉक्टर घुसमटत म्हणाला, "पण दुसऱ्या कुणात तरी ठेवावी लागते. तू बेशुद्ध होतास. तो म्हातारा कित्येक वर्षं झोपला नव्हता रे."

"कोन म्हातारा?"

डॉक्टरनं नाव सांगितलं. सुभेदार हंबीरराव, पेन्शनीत निघालेला.

हंबीरराव अंगणात कोथिंबिरीला पाणी घालत होता. गाल भरलेले, चेहरा निवांत. "ये गड्या, बस," म्हणाला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. नाथाजीनं घर सांगितलं, आग सांगितली, बाई सांगितली.

"ब्रह्मदेशात हुतो मी," म्हातारा विचार करून म्हणाला. "चिखल, जळवा, मलेरिया. पर बाई? न्हाई रं. असलं माझ्या हातनं हुईल व्हय?"

तो खोटं बोलत नव्हता. नाथाजीला तेच सोसवलं नाही. त्यानं म्हाताऱ्याचा गळा धरला. अंगठे कुठं रोवायचे हे बोटांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याचे पाय मातीत घासले, जीभ बाहेर आली. सून बनुबाई किंचाळत धावली आणि कळशी नाथाजीच्या पाठीत घातली, पुन्हा घातली. पकड सुटली ती मारानं नव्हे. म्हातारा त्याच्याकडे निव्वळ बुचकळ्यात पडून बघत होता. मारायचा होता तो माणूस त्याच्यात उरलाच नव्हता. तो आता नाथाजीत होता.

तिथून निघून त्यानं दवाखान्यामागच्या बांधकामावरची पहार उचलली आणि आत शिरला.

"थांब!" डॉक्टर यंत्रापुढे आडवा झाला. "तुझीही काढून देतो!"

"आनि घालनार कुनात?"

नाथाजीनं त्याला ढकललं आणि पहार हाणली. काचा फुटल्या, तारांतून ठिणग्या उडाल्या, हात रक्तानं माखले. पोलीस येईतो तो हाणतच होता.

त्याला साताऱ्याच्या तुरुंगात ठेवलं. प्लास्टरातला हात घेऊन राहीबाई भेटायला आली. तिनं त्याला माफ केलं होतं असं नाही, पण आली.

"अजून दिसतं?" तिनं विचारलं.

"रोज. ती बाई मरताना काय तरी बोलत हुती गं. ती भाषा मला येत न्हाई. पर सबूद समदं ध्यानात हायेत."

"म्हना."

नाथाजीनं गजांना धरून ते परके शब्द एकेक करून म्हटले. राहीबाईला एकही कळला नाही. शिपाई वेळ संपली म्हणाला, तरी ती ऐकत उभी राहिली.