शेवटच्या बारा ओळी

संपादकाने संगणकाचा पडदा सदरकारांच्या बाजूला वळवला आणि त्यावरच्या रंगीत पट्टीवर पेनाचं टोक टेकवलं. पट्टी वर फिकट गुलाबी होती, मध्ये जवळजवळ पांढरी, आणि अगदी तळाशी लालभडक. पेपरच्या वेबसाइटवर लोक कुठे थांबतात ते ही पट्टी दाखवते, लाल म्हणजे वाचक, असं त्याने समजावून सांगितलं. लोक सदराचं नाव बघतात, मधला मजकूर ओलांडतात आणि थेट शेवटच्या परिच्छेदावर जाऊन थांबतात. कित्येक जण तर तेवढाच परिच्छेद कापून एकमेकांना पाठवतात.

मधला मजकूर म्हणजे सदरकारांचं आयुष्य होतं. एकोणीस वर्षं, दर आठवड्याला, ते तिथे लिहीत आले होते की सकाळी एका पक्षात नाश्ता आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जेवण करणाऱ्यांना मत देऊ नका. की सभागृहात ऐकायला बसायचं असतं, बाकं वाजवायला नाही. की शाळेतून सुंदर अक्षराचा तास काढून टाकलात तर मुलं विचारही घाईघाईनेच करायला शिकतील. जुनं ते सगळं सोनं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. मोडायच्या आधी ते कोणी आणि कशासाठी बांधलं होतं एवढं तरी विचारा, एवढीच मागणी होती. परवाच नगरपालिकेने चौकातले बाक उखडले, कारण त्यांवर माणसं बसून राहतात. बाकावर माणसांनी बसायचं नाही तर काय करायचं, हे त्यांनी नऊशे शब्दांत विचारलं होतं. त्या नऊशे शब्दांची इथे पांढरी पट्टी झाली होती.

संपादक वयाने त्यांच्या धाकट्या मुलीएवढा. तो उद्धट नव्हता, हीच पंचाईत होती. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं. त्याने अगदी नम्रपणे सुचवलं की पुढच्या महिन्यापासून राजकारण काढून टाकू. त्याऐवजी रोज, पहिल्या पानावर, चौकटीत, दीडशे शब्द. छोटे छोटे आनंद. सोबत एक गोड चित्र.

"चिडचिड लोकांना सगळीकडे मिळते, सर. हे फक्त तुमच्याकडे मिळतं."

आणि त्याने पडद्यावरचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. नवा टॉवेल अंग पुसत नाही, पाणी नुसतं इकडचं तिकडे करतो. सहा महिने धुतला, जरा विरला, की मग तो कामाला लागतो. आमच्या घरी एक टॉवेल बारा वर्षांचा आहे. तो टाकून द्यायची भाषा निघाली की मी तो लपवून ठेवतो.

सदरकार खुर्चीत ताठ झाले. वाक्यं ओळखीची होती. टॉवेलही ओळखीचा होता. पण हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखाचा शेवट नगराध्यक्षांवर होता, नाव घेऊन, आणि तो लिहून झाल्यावर त्यांनी समाधानाने हात झटकले होते.

हे तिथल्या तिथे बोलायची सोय नव्हती. सदरकार छापून आलेलं स्वतःचं सदर वाचतच नसत. अगदी सुरुवातीला एकदा त्यांच्या लेखातला मधला परिच्छेद दोनदा छापला गेला होता. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की कागद हातातून सुटला की आपला संबंध संपला. अंक आला की बायको सदर कापून वहीत चिकटवायची, आणि ते तिच्याकडे पाठ करून बसायचे. आता संपादकाला काय सांगणार, की जगाला डोळे उघडा म्हणून ओरडणाऱ्या माणसाला स्वतःच्या सदरात काय छापतात तेच ठाऊक नाही? तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. सोमवारी कळवतो, एवढं म्हणून ते उठले.

पानं लावायची खोली एक मजला खाली होती. सदरकार अजून हाताने लिहीत आणि लेख पाकिटातून पाठवत. सुंदर अक्षराच्या तासासाठी भांडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं अक्षर कोणाला लागत नसे, हा भाग वेगळा. म्हणून दर बुधवारी चार वाजता पानं लावणाऱ्या बाई घरी फोन करत आणि अडलेले शब्द विचारून घेत. ते झालं की दोघं जरा वेळ इकडचं तिकडचं बोलत. हे अकरा वर्षं चाललं होतं आणि त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

बाई किडकिडीत होत्या, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसलेल्या. सदरकारांनी दारातून आत येऊ का विचारताच आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं आणि हसून खुर्ची पुढे केली. सदरकार बसले नाहीत.

"टॉवेलचं कोणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, काका. मागच्या बुधवारी."

"सांगितलं असेल. लिहिलं कोणी?"

बाईंचं हसू ओसरलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. सदरकारांच्या लेखाच्या शेवटी नेहमी कोणाचं तरी नाव असायचं आणि त्या नावापुढे असं काही, की वकिलाची नोटीस आलीच म्हणून समजा. आधीचे संपादक शेवटच्या दहा-बारा ओळी उडवायचे आणि पानाच्या तळाशी भोक पडायचं. पहिल्या खेपेला तिथे गाद्यांची जाहिरात टाकली. देशाच्या भवितव्याखाली ती इतकी वाईट दिसली की पुढच्या खेपेला बाईंनी फोनवर ऐकलेलंच लिहून टाकलं, दाढीचा ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवण्याविषयी. संपादक म्हणाले, छान आहे, असंच करत जा. पुढे ते गेले, नवा आला. त्याच्याकडे लेख जायच्या आधीच उपसंपादकाने ओळी उडवायचा रिवाज राहिला आणि भोक बुजवायचाही. नव्याला वाटलं, सदर असंच असतं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पेपर येतो ना तुमच्याकडे?"

अडचणीत सापडले की सदरकारांचा आवाज चढत असे. माझ्या नावाखाली तुम्ही लिहीत होतात, याला साध्या भाषेत काय म्हणतात ते मी मालकांना कळवणार आहे, ते म्हणाले. बाईंनी फक्त एवढंच विचारलं की पत्रात माझं नाव असेल का. असेल, सदरकार म्हणाले.

"मग माझी नोकरी जाईल," बाई म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. मजकूर किती ओळींचा आहे ते सांगावं, तसं. आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

घरी जाताना चौक लागला. पाय दुखत होते आणि टेकायला जागा नव्हती. बाकांच्या जागी उभ्यानेच पाठ टेकायचे लोखंडी दांडे बसवले होते. एक तरुणी त्या दांड्यांचा फोटो काढत होती, कशासाठी ते देव जाणे. पाच वर्षांपूर्वी हेच बाक आम्ही बसवले म्हणून पाटी लावणारे आणि आज ते आम्हीच हटवले म्हणून पाटी लावणारे एकच होते. हे कोणीतरी लिहायला हवं होतं. त्यांनी ते लिहिलंच होतं, आणि ते ओलांडून लोक टॉवेलपाशी जाऊन थांबले होते. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. माणूस एकोणीस वर्षं दार ठोठावत उभा राहतो आणि आतल्यांना कौतुक कशाचं, तर त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलचं.

बूट काढता काढताच त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मग टेबलाशी बसून, मालकांच्या नावाने पत्राला सुरुवात केली. 'गंभीर बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो' इथपर्यंत पत्र आलं, तेव्हा बायको मटार सोलता सोलता म्हणाली,

"मला माहीत होतं."

सदरकारांनी मान वर केली. "काय माहीत होतं?"

"शेवट तुमचा नसतो ते. तुम्ही लिहिताना मोठ्याने वाचता. पेपरात वेगळंच यायचं."

"कधीपासून?"

"ब्रशचं आलं तेव्हापासून."

घरचा भेदी म्हणतात तो हाच. अकरा वर्षं ही बाई रोज समोर बसून चहा प्यायली, दर आठवड्याला कात्री घेऊन ते खोटं कापत बसली, डिंक लावून चिकटवत बसली, आणि एका शब्दाने बोलली नाही. सदरकारांनी हे सगळं तिला ऐकवलं, आवाज चढवून. तिने ऐकून घेतलं. मग हात पुसले, आत जाऊन वह्यांतली एक वही आणली आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली. पान शोधावं लागलं नाही. वही आपणहून तिथेच उघडली.

कात्रणाचा वरचा भाग त्यांचा होता, पाणीपुरवठ्याच्या ठेक्याविषयी. खालचा भाग त्यांनी चष्मा लावून वाचला.

'बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. वर बसवेना. कोणाच्याही बुटांचा आवाज आला की वाटायचं, आता हा काय सांगणार. ती घरी आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली आणि मी हातात पुस्तक धरून नुसता ते ऐकत बसलो. तासाभरात एक पान उलटलं नाही. घरात भांडी वाजतात म्हणून माणसं कुरकुरतात. मीही कुरकुरायचो. आता नाही.'

हे आपण बोललो होतो, हे सदरकारांना आठवलं. बुधवार होता, बायको वर गच्चीत कपडे वाळत घालत होती, आणि फोनवरच्या बाईंनी सहज विचारलं होतं, काकू कशा आहेत.

"त्या संध्याकाळी तुम्ही मला काय म्हणालात, आठवतंय?" बायकोने विचारलं. "मीठ कमी पडलंय म्हणालात."

सदरकारांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी जेवण अर्धं टाकून उठले होते. तुम्हाला कळलंही नाही. मग शनिवारी हे आलं."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर बोलणं बंद केलं असतंत. मग मला कुठून कळलं असतं?"

तिने वही मिटली नाही. मटाराचं ताट उचलून ती आत गेली. सदरकार उघड्या वहीसमोर बराच वेळ बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. पुढचीही काही पानं त्यांनी वाचली. तिच्या हस्ताक्षरातल्या किराण्याच्या याद्या ते पुस्तकात खुणेसाठी ठेवतात, हेही त्यात होतं. ती माहेरी गेली की ते रेडिओ मोठ्याने लावतात, हेही. पत्राचा कागद तसाच राहिला. जेवायच्या वेळी तो टेबलावरून उचलावा लागला, तेव्हा त्यांनी तो घडी करून केराच्या टोपलीत टाकला.

सोमवारी ते संपादकाकडे गेले आणि सांगितलं की पहिल्या पानावरची चौकट नको, चित्र नको, आणि राजकारण निघणार नाही. ते नको असेल तर सदर बंद करा. संपादकाने पेन दोनदा टिचकवलं. वर्षअखेरपर्यंत आहे तसं चालू द्या, म्हणाला, मग बघू. 'बघू' हा या काळाचा खास शब्द आहे, त्यातून कोणीच काही बघत नाही, असं जिना उतरताना सदरकारांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. त्या आठवड्याचा लेख त्यांनी लोखंडी दांड्यांवर लिहिला. नगराध्यक्षांना सोडलं नाही, पण वकिलाला काम मिळेल असंही काही लिहिलं नाही. हे त्यांना फार जड गेलं.

बुधवारी चार वाजता फोन वाजला. बायको समोरच्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंचा आवाज कामापुरता होता. त्यांनी अडलेले शब्द एकेक करून विचारले, सदरकारांनी सांगितले. मग थोडं थांबून बाईंनी विचारलं की ते पत्र मालकांना मिळालं का.

"कुठलं पत्र?" सदरकार म्हणाले.

पलीकडून कागद हलल्याचा आवाज तेवढा आला.

"लेख बारा ओळी कमी आहे, काका," बाई म्हणाल्या. "या वेळी कोणी काही उडवलेलं नाही. मी मोजलं."

"माहीत आहे. मीच थांबलो."

सदरकारांनी घसा साफ केला. आज हवा बरी आहे, म्हणाले. मग म्हणाले की भाजी महाग झाली आहे. एवढं बोलून ते अडकले. नऊशे शब्दांत अख्ख्या नगरपालिकेला उभं-आडवं घेणारा माणूस, पण पुढचं वाक्य ओठांपर्यंत येईना. पलंगावरचे हात एका टॉवेलवर थांबलेले होते आणि बायकोची मान खाली होती. सदरकारांचे कान तापले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. घड्या झालेले आणि न झालेले सगळे कपडे तिने एकत्र कवेत घेतले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सदरकारांनी बंद दाराकडे पाहिलं आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हं," ते म्हणाले. "लिहून घ्या."