उहुदवरचं डाळिंब

"सांगून उपयोग नाही. तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणत शरफूचाचांनी मक्केहून आणलेल्या जमजमच्या पाण्याचा कॅन उचलला आणि समोरच्या इवल्याशा पेल्यावर तिरका केला. पेला खरं तर वीतभर डावीकडे होता. धार सुटायच्या आत खैरुनचाचींनी तो एका बोटाने सरकवून बरोबर खाली आणला. थेंबही सांडला नाही.

"सांगा तर खरं," सहदेव म्हणाला. "विश्वासाचं मागाहून बघू."

"आता मी खोटं बोलू शकत नाही, हे आधी ध्यानात घे. अराफातच्या मैदानात तौबा करून आलोय."

"म्हणजे सुकटीच्या वासाने रत्नागिरीपर्यंत बोटीमागे आलेला तो देवमासा?"

"तो तौबेच्या आधीचा. तो धरायचा नाही."

खोली हसली. वाकोल्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली ती. हजहून आलेल्या नवरा-बायकोला भेटायला तीन दिवस माणसांची रीघ लागलेली. आज शेजारचा सहदेव, त्याची बायको शेवंती, आणि नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स असलेली कुंदा, एवढेच मागे राहिले होते.

शरफुद्दीन परकार तीस वर्षं बोटीवर सुकाणी होते. चाळीत त्यांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या, थापा आणि नजर. नजरेची मात्र थाप नव्हती. कप्तानाने दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत जयगडचा दिवा चाचांना दिसायचा, हे त्यांच्याबरोबरचे खलाशीही सांगत. पण ते जुनं झालं. दोन वर्षांपूर्वी एकदा चाचांनी जिन्यात खिळ्याला टांगलेल्या रेनकोटला विचारलं होतं, "काय सहदेव, आज सुट्टी वाटतं?" अख्खी चाळ पोट धरून हसली. चाचांची मस्करी ती, दुसरं काय! चाचाही हसले. खैरुनचाची तेवढ्या हसल्या नव्हत्या.

"चाचा, गोष्ट सांगा, पण आधी माझं ऐका," कुंदा म्हणाली. तिच्या मांडीवर वही उघडी होती. "रविवारी घाटकोपरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. तपासणी तिथेच, ऑपरेशन बुधवारी. ही यादी मला आज सातपर्यंत पोचवायचीय. चाचींनी सांगितलं म्हणून शेवटची एक ओळ रिकामी ठेवलीय."

"त्या ओळीत खालच्या मजल्यावरच्या धाकूचं नाव घाल. दोन पावलांवरची बायको ओळखत नाही तो."

"ओळखतो हो चांगली," शेवंती म्हणाली. "बोलत नाही फक्त."

"हसू नका," कुंदा म्हणाली. "मोतीबिंदू फार पिकला ना, की मग डॉक्टरलाही अवघड जातं. पुढचं शिबिर एकदम वर्षाने. तोवर जे दिसतंय तेही राहील की नाही, देव जाणे."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. डोळ्याला सुरी लावायची या कल्पनेने त्यांच्या पायाची बोटं चटईवर आपोआप मुडपली गेली.

"मोतीबिंदू असता तर मदिना कशी बघितली असती मी?" ते म्हणाले. "सांगतो एकेक. त्यात एक जरी गोष्ट चुकीची निघाली, तर घाल माझं नाव."

"आणि चुकीची ते ठरवणार कोण?"

"ही होती ना बरोबर." चाचांनी हनुवटीने दाराकडे खूण केली. चाची तिथून उठून केव्हाच स्टोव्हपाशी बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात परात होती, परातीत वाटायचे खजूर. त्या एकेक खजूर बोटांनी चाचपत होत्या.

चाचा रंगात आले. कुबाची मशीद सांगितली, पैगंबरसाहेबांच्या हातची, दुनियेतली पहिली. आजूबाजूला खजुरीच्या बागा, आणि एका झाडाखाली निळ्या झग्यातला एक म्हातारा खरबूज कापत बसलेला. मग मक्केचा तो उभा डोंगर सांगितला, ज्याच्या माथ्यावर हिराची गुहा आहे, जिथे कुराणाची पहिली आयत उतरली. "गुडघ्यांनी वर जाऊ दिलं नाही. पण खालून बघितलं. माथ्यावर सतरा माणसं होती. एकाची छत्री पिवळी."

"सतरा?" सहदेव म्हणाला.

"अठरावा खाली उतरत होता, तो मोजला नाही."

चाचींच्या हातातला खजूर हातातच राहिला. निळा झगा त्यांनीच सांगितला होता. पिवळी छत्रीही. जहाज मुंबई सोडून निघालं त्या संध्याकाळी कठड्याला धरून चाचांनी त्यांना मोठ्या ऐटीत एका दिव्याकडे बोट दाखवलं होतं, आणि दिवा होता पाठीमागे. त्या दिवसापासून चाचांचा हात त्यांच्या खांद्यावर होता. गर्दीत ही हरवेल म्हणून धरलाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पवित्र जागांच्या दर्शनाला, जियारतला नेणाऱ्या बसमध्ये चाची खिडकीशी बसायच्या आणि आपल्याशीच बोलावं तसं पुटपुटायच्या, "डावीकडे दोन मिनार आले. पांढरे." की लगेच चाचा मोठ्याने, "बघा बघा, डावीकडे! पांढरे मिनार!" बसमधले हर्णैचे हाजी थक्क व्हायचे. या वयात काय नजर आहे म्हणायचे. चाचा मान ताठ करायचे, आणि चाची पुढच्या वळणावरचे शब्द शोधायला लागायच्या.

"आणि मग उहुद," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "तिथे लढाई झाली होती. पायथ्याशी शहिदांच्या कबरी. नाव नाही, दगड नाही, नुसती माती. सगळी बस गप्प झाली. मीसुद्धा, काय समजलास? फातिहा पढलो. मग मान वर केली. डोंगर कसला, तांबड्या दगडाची भिंत. वर ऊन असं, की पाखरू फिरकणार नाही. आणि त्यात, बरोबर अर्ध्यावर, एक झाड."

"कसलं?"

"डाळिंबाचं."

"दगडात डाळिंब? चाचा, ह्या माका पटना नाय."

"तेच तर म्हटलं मघाशी, विश्वास बसायचा नाही! अरे, मी मोजली. अकरा डाळिंबं. एक पिकून उकललेलं, आतले दाणे दिसत होते."

"खालून दाणे दिसले?"

"जयगडचा दिवा ज्याला दिसायचा, त्याला दाणे दिसणार नाहीत? मला काय विचारतोस, हिला विचार."

सगळ्यांनी स्टोव्हकडे बघितलं. चाचा हसतमुखाने दाराकडेच बघत होते. कुंदाने घड्याळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

अडतीस वर्षांत 'हिला विचार' म्हटल्यावर चाचींनी कधी नाही म्हटलं नव्हतं. देवमाशालाही त्यांनी मान हलवली होती. त्यांनी परात बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"झाड नव्हतं," त्या म्हणाल्या.

शेवंती हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली.

"तू त्या बाजूला बघत नसशील, खैरुन."

"मीच बघत होते. उहुदवर हिरवी काडी नव्हती. बसमधून उतरताना मी तुम्हाला म्हटलं, अर्ध्यावर डाळिंबाचं झाड आहे बघा. तुम्ही म्हणालात, मी केव्हाच बघितलं."

चाचांनी पेल्यासाठी हात पुढे केला. हात चटईवर उजवीकडे फिरला, मग डावीकडे. पेला चाचींच्या हाताच्या अंतरावर होता. या वेळी त्यांनी तो सरकवला नाही. सहदेव पुढे झाला, तर त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. बऱ्याच वेळाने चाचांच्या बोटांना पेला लागला. ते प्यायले नाहीत, नुसते धरून बसले.

"मुद्दाम सांगितलंस?"

"मुद्दाम. मदिना आधी झाली, हज नंतर. अराफातात त्याची माफी मागून घेतली मी."

खाली कुणीतरी नळाला बादली लावली. ती भरत आली तसा तिचा आवाज बदलत गेला.

"तुम्हाला सांगता सांगता माझं बघायचं राहून गेलं," चाची म्हणाल्या. आता त्या चाचांच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. "एवढी मदिना, पण मी नुसते शब्द गोळा करत होते. आता मला कुणीतरी काहीतरी दाखवायला हवं. जयगडचा दिवा तुम्ही मला कधी दाखवलात?"

चाचांनी मान वळवली, आवाज आला तिकडे, अगदी नीट. दाढीच्या कडेला काहीतरी हललं. कुंदाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"खैरुन, झाड नव्हतं म्हणतेस," ते हळूच म्हणाले. "मग ती अकरा डाळिंबं?"

"ती तुमची. मी फळांचं अवाक्षर काढलं नव्हतं," खैरुनचाची म्हणाल्या. "झाडाची थाप तेवढी माझी. लिही गं कुंदा."